बारा दारांची भिशी

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

कवयित्रीनं कवितेवर बोलावं, तिनं जमाखर्चात कशाला पडावं, असं कुणाला वाटलं तर मी वाद घालणार नाही. पण माझ्या ओळखीच्या जितक्या बायका लिहितात, त्या सगळ्या आधी घराचा हिशोब शिकल्या आणि मग उरल्या वेळात कविता. कवितेच्या मानधनात घराचं महिन्याचं दूधसुद्धा भागत नाही. तेव्हा आज घरखर्चाबद्दल बोलू, आणि त्यातही भिशीबद्दल. कारण सोलापुरात आमच्या गल्लीत बँकेची पायरी चढण्याआधी कितीतरी घरं भिशीवर उभी राहिली, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

पण आधी एक साधा हिशोब करू. महिन्याच्या शेवटी काय उरतं ते बाजूला टाकू, असं ठरवणाऱ्या घरात सहसा काही उरत नाही. याचं कारण उधळेपणा असतोच असं नाही. खरं कारण असं, की आपण खर्च महिन्याचा मोजतो आणि घर चालतं वर्षावर. वही घ्या आणि फक्त वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च लिहा. शाळेची फी, पुस्तकं, दप्तर, गणवेश धरून ९,००० रुपये. वर्षाची ज्वारी, गहू, तूरडाळ ११,०००. सणासुदीचे ८,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ४,०००. दुचाकीचा विमा आणि दुरुस्ती ४,०००. बेरीज झाली ३६,०००, म्हणजे महिन्याला ३,०००. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या घरचे वेगळे असतील. पण याचा अर्थ असा, की ज्या घरात महिना १८,००० येतात, त्या घरात खर्चायला १५,०००च आहेत. उरलेले तीन हजार खिशात दिसतात, पण ते जूनचे आहेत, दिवाळीचे आहेत, मार्चमधल्या घरपट्टीचे आहेत. ते आज भाजीला आणि मोबाईलला गेले, की जूनमध्ये कुणाच्या तरी दारात जावं लागतं.

आमच्यासारख्या घरांत याला आणखी एक पदर आहे. दिवाळी फार तर पंधरा-वीस दिवस मागंपुढं होते. ईद मात्र चंद्राच्या वर्षावर चालते, आणि ते वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान ईद दरवर्षी तेवढी मागं सरकते आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०१८ साली ती १६ जूनला आली होती, म्हणजे नेमकी शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात. एका हातात शिरखुर्म्याच्या सामानाची यादी आणि दुसऱ्या हातात पुस्तकांची. आता ती मार्चकडे सरकली आहे, तर घरपट्टीशी गाठ पडते. ज्यांच्या घरी हा सण नाही त्यांनी लग्नसराई धरावी. वर्षाचे खर्च असे एका महिन्यात येऊन आदळतात आणि तिथंच घर कर्जात जातं.

या आदळण्यावर गरिबांनी शोधलेला उपाय म्हणजे भिशी. बारा जणी एकत्र येतात. प्रत्येकी महिना दोन हजार काढते. जमतात २४,०००. बारा नावांच्या चिठ्ठ्या डब्यात घालतात, एखाद्या लहान मुलीला एक उचलायला सांगतात, आणि जिचं नाव निघेल तिला ते चोवीस हजार मिळतात. पुढच्या महिन्यात पुन्हा बारा जणी दोन-दोन हजार भरतात, पण चिठ्ठ्या अकराच असतात. असं बारा महिने. शेवटी प्रत्येकीनं चोवीस हजार भरलेले असतात आणि चोवीस हजार घेतलेले असतात.

मग यात मिळालं काय, असा प्रश्न शिकलेली माणसं विचारतात. माझ्या एका सहकाऱ्यानं तर मला गणित मांडून दाखवलं होतं, की भिशी हा तोट्याचा धंदा आहे. त्याचं गणित बरोबर होतं, पण अर्धंच होतं. पूर्ण गणित असं. समजा बाराही जणींना चोवीस हजारांचं शिलाईयंत्र घ्यायचं आहे. प्रत्येकीनं एकटीनं महिना दोन हजार साठवले तर बाराही जणींच्या घरी यंत्र येईल बाराव्या महिन्यात. भिशी केली तर एकीकडे पहिल्याच महिन्यात येतं, दुसरीकडे दुसऱ्या, आणि जिचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो तिच्याकडेही बाराव्याच महिन्यात येतं. म्हणजे अकरा जणींना आधी मिळालं आणि बारावीला काही उशीर झाला नाही. पैसे तेवढेच, बायका त्याच.

आता व्याजाचं बघू. पहिला नंबर लागलेल्या बाईला २२,००० रुपये उसने मिळाले, कारण दोन हजार तिचे स्वतःचेच होते. ते ती अकरा महिन्यांत फेडते. हीच रक्कम तिनं सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना दरानं घेऊन तशाच हप्त्यांनी फेडली असती, तर व्याजाचे ६,६०० रुपये गेले असते. भिशीत शून्य गेले. शेवटच्या बाईनं मात्र आपले पैसे वर्षभर इतरांकडे ठेवले. तिनं तेच हप्ते बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले असते तर तिला सुमारे ६६० रुपये व्याज मिळालं असतं. तेवढं तिचं नुकसान झालं, हे खरं आहे. एका बाजूला सहाशे साठ आणि दुसऱ्या बाजूला सहा हजार सहाशे. माझा सहकारी फक्त शेवटच्या बाईचा हिशोब करत होता. आणि पुढच्या खेपेला शेवटच्या बाईला पहिल्या नंबरात घ्यायची पद्धत बऱ्याच भिश्यांत आहे.

आमच्या लहानपणी भिशी आठवड्याची असायची. अब्बा यंत्रमागावर होते, अम्मी घरी विड्या वळायची, आणि दोघांचा पैसा आठवड्याला यायचा. आमच्या दखनीत हप्ता म्हणजे आठवडा आणि मराठीत हप्ता म्हणजे भरायची रक्कम. आमच्या गल्लीत या दोन्हींचा दिवस एकच होता. अम्मीच्या भिशीत निम्म्या बायका तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली होत्या. त्या भिशीला चीटी म्हणायच्या. कुणी पैसे तेलुगूत मोजायचं, कुणी कन्नडमध्ये, अम्मी दखनीत, आणि वहीत लिहायचं काम शाळेत जाणारी म्हणून माझ्याकडे, मराठीत. माझं मराठी जमाखर्च लिहून पक्कं झालं, असं मी कविसंमेलनात सांगते तेव्हा लोकांना तो विनोद वाटतो.

ही पद्धत आपल्याकडचीच आहे असंही समजू नका. केरळात तिला कुरी म्हणतात, उत्तरेत आणि पाकिस्तानात कमेटी, इंडोनेशियात अरिसान, इथिओपियात इकुब, घानात सुसू, दक्षिण आफ्रिकेत स्टोकव्हेल, मेक्सिकोत तांदा. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९६२ साली यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचा अंदाज असा होता, की खेड्याच्या अर्थव्यवहाराकडून बाजाराकडे जाताना लागणारी ही मधली पायरी आहे आणि बँका आल्या की ती मागं पडेल. बँका आल्या, मोबाईलवरून पैसे पाठवता येऊ लागले, आणि भिशी सोसायट्यांमध्ये, शाळांच्या शिक्षककक्षात, परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींच्यातही चालूच आहे. मला वाटतं, गीर्ट्झला पैसा दिसला, शेजारीण तेवढी दिसली नाही. बँकेत आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला तर थोडा दंड बसतो आणि विषय संपतो. भिशीचा हप्ता चुकला तर उद्या नळावर जिच्याशेजारी उभं राहायचं, तिचे पैसे अडकतात. म्हणून घरात दुसरं काहीही थांबतं, भिशी थांबत नाही. ‘भिशीचे आहेत’ एवढं म्हटलं, की नवराही त्या पैशांना हात लावत नाही. कित्येक बायकांना स्वतःच्या नावानं पैसे बाजूला ठेवायला घरात एवढं एकच कारण चालतं.

व्याजाच्या बाबतीतही एक सांगायला हवं. आमच्या नात्यातली बरीच घरं धर्मामुळे व्याज घेत नाहीत आणि देतही नाहीत. चिठ्ठीच्या भिशीत व्याजाचा प्रश्नच येत नाही, म्हणून ती त्यांना जवळची वाटते. लिलावाची भिशी मात्र वेगळी. तिथं ज्याला गरज जास्त तो चोवीस हजारांची रक्कम वीस हजारांना उचलतो आणि उरलेले चार हजार सगळ्यांत वाटले जातात. नाव काहीही द्या, अडलेल्या माणसाकडून घेतलेलं ते व्याजच आहे, असं आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं. मला ते पटतं. धर्माचं बाजूला ठेवलं तरी, ज्या बाईचा मुलगा दवाखान्यात आहे तीच सगळ्यात कमी पैसे घेऊन जाते, ही रीत मला बरी वाटत नाही.

आता भिशी मोडते कशी, ते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या भिशीचे सात हप्ते झाले होते. सात जणींना रक्कम मिळाली होती, पाच जणी बाकी होत्या. त्या पाच जणींनी प्रत्येकी १४,००० भरले होते आणि हातात काही आलं नव्हतं. ज्या सात जणींनी रक्कम उचलली होती त्या प्रत्येकीकडून अजून १०,००० यायचे होते. आणि यंत्रमाग बंद, विडीचं काम बंद. पाचांपैकी एकीच्या लेकीचं बाळंतपण जूनमध्ये होतं. कागद काही नव्हता, माझी वही तेवढी होती. अशा वेळी कुणी म्हणालं असतं, की आता कसले हप्ते, तर कुणी काय करणार होतं?

फोनवरच चर्चा झाली. बाकी राहिलेल्या पाच जणींनी पुढं काही भरायचं नाही, त्यांचे भरलेले चौदा-चौदा हजार परत करायचे, असं ठरलं. माझी शाळेच्या कार्यालयातली नोकरी आहे, दुसऱ्या एकीचा नवरा सरकारी नोकरीत. आम्हा दोघींच्या घरी पगार चालू होते, तर आम्ही आमचे राहिलेले दहा-दहा हजार एकदम दिले. त्यातून बाळंतपण होतं तिला तिचे चौदा हजार लगेच मिळाले, सहा हजार उरले. बाकीच्या पाच जणींनी जुलैपासून महिना हजार रुपये द्यायचे ठरवले. दहा महिन्यांत ते झाले ५०,०००, आणि आधीचे सहा, म्हणजे ५६,०००. त्यातून चार जणींचे चौदा-चौदा हजार फिटले. एकीचे दोन हप्ते तिच्या बहिणीनं भरले. २०२१ च्या एप्रिलमध्ये वहीवर रेघ मारली तेव्हा कुणाचंही येणं राहिलं नव्हतं. दुसऱ्या एका गल्लीत त्याच काळात भिशी चालवणारी बाई रात्रीतून घर सोडून गेली. तिथं वीस बायकांचे पैसे होते. त्यातल्या एकीनं लेकीच्या लग्नासाठी एकाच वेळी तीन नावं घातली होती. त्या घरात पुढं काय झालं ते मी इथं सांगत नाही. पण तेव्हापासून एका बाईला एकच नाव, हा आमचा नियम झाला.

दुसरे नियमही सांगून टाकते. माणसं बारापेक्षा जास्त नकोत, आणि बाराही घरांची दारं आपल्याला ठाऊक हवीत. हप्ता एवढाच असावा, की पूर्ण बुडाला तरी घरात चूल पेटेल. रक्कम जमेल त्याच दिवशी वाटायची, चालवणारीच्या घरी ती रात्रभरही ठेवायची नाही. वहीवर प्रत्येकीची सही किंवा अंगठा हवा. मोबाईलवरून पैसे पाठवले तरी महिन्यातून एकदा एकत्र बसायचंच, कारण कोण अडचणीत आहे ते चेहऱ्यावरून कळतं, संदेशावरून कळत नाही. अनोळखी माणसांचा मोबाईलवरचा गट करून चालवलेल्या भिशीत तर शिरूच नका.

आणि भिशीचं नाव घेऊन येणाऱ्या दुसऱ्या गोष्टी ओळखायला शिका. ‘महिना पाचशे भरा, सोडतीत नाव निघालं तर गाडी, आणि पुढचे हप्ते माफ’ अशी योजना १९७८ च्या बक्षीस चिट आणि पैसे-फिरवाफिरव बंदीच्या कायद्यानं बेकायदा आहे. ज्याचे हप्ते माफ झाले त्याचे पैसे कुणी तरी भरतच असतं, एवढा विचार केला तरी पुरे. चिट फंड हा वेगळा प्रकार. त्यासाठी १९८२ चा कायदा आहे आणि नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचा कागद बघायला मागा. मागितल्यावर समोरचा रागावला तर उठून या.

भिशीत जे जमत नाही तेही स्पष्ट सांगते. अडीनडीचा पैसा भिशीत ठेवता येत नाही. छातीत दुखायला लागलं तेव्हा आपला नंबर लागलेला असेलच असं नाही. त्यासाठी दोन-तीन महिन्यांचा खर्च वेगळा हवा, आणि तो तांदळाच्या डब्यातही नको. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा आमच्या भागातल्या बायकांचे डबे उघडे पडले. वर्षानुवर्षं चार-चार नोटा लपवून ठेवलेल्या, त्या बदलायला नवऱ्यासमोर काढाव्या लागल्या. काही घरांत हसण्यावारी गेलं. काही घरांत ते पैसे परत बायकोच्या हाती आलेच नाहीत.

हा पैसा बँकेत किंवा पोस्टात हवा. पोस्टातली आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षांची, आणि मागं सरकार उभं असतं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. एका बँकेत एका खातेदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला तो ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. त्याआधी कितीतरी वर्षं ही मर्यादा एक लाखाची होती. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणाऱ्या सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पण पतसंस्थांना तो नाही. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा सांगते, कारण आपल्या महाराष्ट्रात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, पाटी बँकेसारखीच असते, काउंटरवर ओळखीचा मुलगा बसलेला असतो आणि व्याज टक्का-दीड टक्का जास्त मिळतं. चांगल्या पतसंस्थाही खूप आहेत. तरी निवृत्तीची सगळी रक्कम तिथं ठेवणाऱ्यानं, ती बुडाली तर हा विमा मिळणार नाही, हे माहीत असताना ठेवावी. व्याज नको असलेल्यांनीही त्या कारणानं बँक टाळू नये. व्याजाचे पैसे बाजूला काढून गरजूला देऊन टाकणारी अनेक घरं मला माहीत आहेत.

रोजच्या काटकसरीबद्दल फार बोलत नाही, ते तुम्हाला माझ्याइतकंच येतं. दोन-तीन गोष्टी मात्र नजरेतून सुटतात. पाकिटावर हल्ली दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमत छापलेली असते, ती वाचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच असतं असं नाही. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट जळतात, नऊ वॉटच्या एलईडीला दीडसुद्धा लागत नाही. घरगुती वीजबिलात पहिल्या १०० युनिटांचा दर सगळ्यात कमी असतो आणि त्यापुढच्या युनिटांना बराच जास्त, म्हणून शंभराच्या आसपास असलेल्या घरात असे सात-आठ युनिट वाचवणं मोलाचं ठरतं. वर्षाची ज्वारी सुगीनंतर घेतली तर स्वस्त पडते, आमच्या जिल्ह्यात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. पण त्यासाठी उसने पैसे घ्यायचे आणि एका खोलीच्या घरात पोती ठेवून किडे पाडायचे, यात बचत कसली? भिशीचा नंबर त्या महिन्यात लागला तरच घ्या. आणि दुकानदाराची उधारीची वही त्याच्याकडे असते तशी एक प्रत आपल्याकडेही असू द्या.

शेवटी वहीच्या पहिल्या पानाबद्दल. या पानावर मी खर्च लिहीत नाही. कोणत्या बँकेत खातं आहे, पोस्टाचं पुस्तक कुठं ठेवलं आहे, विम्याचा कागद कुठल्या पेटीत आहे, भिशीचे किती हप्ते झाले, कुणाला किती उसने दिले आणि कुणाचे घेतले, एवढंच त्यात असतं. प्रत्येक खात्याला वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे तेही. पिन किंवा पासवर्ड मात्र लिहीत नाही. आमच्या शेजारचे काका गेले तेव्हा काकूंना एवढंच ठाऊक होतं, की ‘कुठंतरी ठेव आहे’. दहा वर्षं कुणी दावा न केलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. वारसाला त्या तरीही मागता येतात, आणि अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ आहे. काकूंच्या नातवानं तिथं काकांचं नाव टाकून बघितलं, तेव्हा ती ठेव सापडली. खातं एकट्या काकांच्या नावावर होतं आणि वारसाचा रकाना कोरा होता, म्हणून ते पैसे हातात यायला आणखी सात महिने आणि बरेच कागद लागले. आज घरी गेल्यावर निदान तो एक रकाना तपासून घ्या.